कोठार दामाजीपंतांचं नव्हतं: अमेरिकेतल्या मराठी मंडळांना आणि देवळांच्या विश्वस्तांना खुलं पत्र

मंडळांच्या कार्यकारिणीतल्या ताई-दादांनो आणि देवळांच्या विश्वस्त मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर उजाडला की आपल्या सगळ्यांकडे ती ईमेल येते. दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं, फराळाचे बॉक्स कुठून उचलायचे, पार्किंग कुठे करायचं, आणि सगळ्यात खाली: 'यंदाही आपण फूड ड्राइव्ह करणार आहोत. प्रत्येक कुटुंबाने किमान पाच कॅन आणावेत.' कॅन येतातही. सभागृहाच्या दाराशी खोकी भरतात, मंडळाचा बॅनर धरून फोटो निघतो, फोटो वार्षिक अहवालात जातो. खोकी पुढे कुठे जातात हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मला ठाऊक आहे, कारण त्यातली काही माझ्या हातून फळीवर लागतात. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात एका चर्चच्या तळघरात फूड पँट्री चालते, तिथं मी काम करते. माल लावायचा, दाराशी नावं लिहून घ्यायची, रिकामी खोकी चपटी करून मागच्या दाराशी नेऊन टाकायची, असलं काम. तिथं उभं राहून दान, पुण्य, देव या गोष्टींबद्दल मला जे कळलं ते तुम्हालाच सांगायला हवं असं वाटलं, कारण अन्नदानाचे ठराव तुम्ही करता.

फूड पँट्री म्हणजे काय हे इथल्यांना सांगायला नको, पण पत्र भारतातही वाचलं जाईल म्हणून थोडक्यात सांगते. फूड बँक हे मोठं गोदाम. सुपरमार्केटचा शिल्लक माल, सरकारनं शेतकऱ्यांकडून विकत घेतलेलं अन्न, लोकांनी दिलेल्या वस्तू आणि देणगीच्या पैशातून आणलेलं सामान तिथं जमा होतं. तिथून ते पँट्रीत येतं. पँट्री म्हणजे चर्चमध्ये, शाळेत, मशिदीत, कुठेही एक खोली, फळ्या, एक-दोन फ्रीज. लोक तिथून शिधा घरी नेतात आणि आपल्या चुलीवर शिजवतात. पंगत बसत नाही, वाढपी नसतात.

या सगळ्याची सुरुवात १९६७ साली ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात झाली. जॉन व्हॅन हेंगेल नावाचे एक श्रद्धाळू कॅथलिक गृहस्थ एका अन्नछत्रात राबायचे. दहा मुलांची एक आई त्यांना भेटली. सुपरमार्केटच्या मागे फेकलेलं चांगलं अन्न वेचून ती मुलांना वाढवत होती. तिनंच त्यांना सुचवलं की पैशाची बँक असते तशी अन्नाची का नसावी, ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं ठेवावं, ज्याला हवं त्यानं काढावं. सेंट मेरीज चर्चनं तीन हजार डॉलर आणि एक बंद पडलेली बेकरी दिली, आणि जगातली पहिली फूड बँक उभी राहिली. आज या देशात दोनशेहून जास्त मोठ्या फूड बँका आहेत. या गोष्टीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की कल्पना दात्याची नव्हती. घेणारीची होती. व्हॅन हेंगेल यांचं थोरपण एवढंच (आणि हे एवढंच फार झालं) की त्यांनी तिचं ऐकलं.

आमची पँट्री गुरुवारी संध्याकाळी आणि शनिवारी उघडते, कारण रांगेतले बहुतेक लोक दिवसभर कामावर असतात. गोदामात माल भरणारे, नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना अंघोळ घालणारे, हॉटेलात भांडी घासणारे. पगार येतो, तो भाड्यात जातो. दाराशी नाव, गाव, घरात माणसं किती आणि उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत आहे का, एवढं विचारायचं. पगाराची चिठ्ठी मागायची नाही, व्हिसा विचारायचा नाही. माणूस सांगेल ते लिहायचं आणि पुढे जाऊ द्यायचं. भिंतीवर स्वातंत्र्यदेवीचं चित्र असलेलं सरकारी पोस्टर लावलेलं आहे: वंश, रंग, मूळ देश यावरून कुणाला डावलता येणार नाही. सरकारी माल वाटणाऱ्या चर्चला 'आधी प्रार्थनेला बसा, मग पिशवी घ्या' असंही म्हणता येत नाही.

आत गेल्यावर गाडी ढकलत फळ्यांसमोरून जायचं आणि आपलं आपण निवडायचं. कडधान्यातले दोन, फळांचे डबे दोन, दूध एक, असं प्रत्येक फळीवर लिहिलेलं असतं. पूर्वी बऱ्याच ठिकाणी तयार पिशवी हातात द्यायचे, अजूनही काही ठिकाणी देतात. निवडू दिलं की रांग हळू सरकते, पण घरी नेऊन फेकलं जाणारं अन्न कमी होतं.

एकदा एक बाई टोमॅटोचे दोन डबे दोन हातांत धरून मागची लेबलं वाचत उभी होती. एकात मीठ कमी होतं, एकात जास्त. चष्मा कपाळावर सारून तिनं डबा डोळ्यांपाशी नेला, खाली ठेवला, दुसरा उचलला, पुन्हा पहिला. मागे रांग तुंबली. माझ्या शेजारी एक नवा व्हॉलंटियर होता, आपलाच, चांगला मुलगा. तो मराठीत पुटपुटला, "फुकट मिळतंय, त्यात पण एवढा चोखंदळपणा?" पँट्री सांभाळणाऱ्या आजी तिथेच उभ्या होत्या; त्यांना मराठी कुठलं कळायला, पण सूर कळला असावा. म्हणाल्या, "तिच्या नवऱ्याला ब्लड प्रेशर आहे. तिच्या घरात काय शिजवायचं हे तिलाच माहीत."

घरी जाताना गाडीत हेच डोक्यात घोळत राहिलं. आपल्याकडे खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा लागतो, गणपतीला उकडीचे मोदक, गजानन महाराजांना पिठलं-भाकरी. देवीच्या नैवेद्यात एक पदार्थ चुकला तर घरात केवढा गहजब होतो. म्हणजे ज्याला कधी भूक लागत नाही त्याची आवड आपण पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून ठेवतो आणि ज्याला भूक लागली आहे त्यानं 'कमी मिठाचं आहे का?' विचारलं की तो चोखंदळ ठरतो. अन्न हे पूर्णब्रह्म असेल तर ते खाणाऱ्याच्या पोटात गेल्यावरही ब्रह्मच राहिलं पाहिजे की नाही?

दार उघडण्याआधी आम्ही सगळे गोल उभे राहतो. कुणीतरी मिनिटभर प्रार्थना म्हणतं. बहुतेक वेळा चर्चमधलं कुणी, कधी कुणाला वाटलं तर दुसरं कुणी. गोलात एक पाकिस्तानी तरुण असतो, गुरुद्वारात वाढलेली एक कॉलेजातली मुलगी असते, कुठल्याच देवाला न मानणारे एक निवृत्त मास्तर असतात, आणि मी असते. ही प्रार्थना दार बंद असताना होते. रांगेतल्या लोकांच्या कानावर ती पडत नाही. इतकं साधं आहे, पण मला ते फार मोठं वाटतं. श्रद्धा काम करणाऱ्यांना बळ देण्यापुरती आत ठेवायची, तिचा भार भुकेल्या माणसावर टाकायचा नाही. सुरुवातीला मी मनात 'वदनी कवळ' म्हणायचे. आता काही म्हणत नाही, नुसती उभी राहते. तेही चालतं असं दिसतंय.

मंडळात पँट्रीचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो: "पण खरंच गरजू असतात का गं ते? आम्ही बघितलंय, चांगल्या गाड्यांतून येतात." त्यात २०२४ मध्ये कॅनडातल्या एका भारतीय तरुणाचा व्हिडिओ फिरला. कॉलेजच्या फूड बँकेतून आपण किराणा फुकट कसा आणतो आणि महिन्याला किती पैसे वाचवतो हे त्यानं हौसेनं सांगितलं होतं. त्यावर आपल्याच लोकांनी सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलं. आजही कुणी पँट्रीचं नाव काढलं की व्हॉट्सॲपवर तोच व्हिडिओ पुढे येतो.

गाडीचं सांगायचं तर आपल्या उपनगरांत गाडीशिवाय नोकरी टिकत नाही. नोकरी गेल्यावर माणूस सगळ्यात शेवटी विकतो ती गाडी. शिवाय ती चांगली गाडी कित्येकदा शेजाऱ्याची असते, आणि तो तीन घरांतल्या लोकांना घेऊन आलेला असतो. कुणीच खोटं बोलून नेत नाही असं मी म्हणणार नाही. नेत असेल. पण कागद मागायला लागलं की लबाड माणूस कागद घेऊन येतो आणि खरा अडलेला परत जातो, कारण ज्याचं घर सुटलंय, ज्याला मालक रोख पैसे देतो, त्याच्याकडे कागद कुठून येणार?

पात्र बघून दान द्यावं असं आपण लहानपणापासून ऐकलंय. पण मग आपल्या कीर्तनांत एकनाथ महाराजांची गोष्ट का रंगते? पैठणला श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास ज्यांच्या पोरांपर्यंत गेला, त्यांना नाथांनी ते अन्न आधी वाढलं. शास्त्राप्रमाणे त्या अन्नावर त्यांचा अधिकारच नव्हता. नाथांनी अधिकार बघितला नाही, भूक बघितली, आणि ब्रह्मवृंद रुसला. आपण टाळ्या नाथांना देतो, पण प्रश्न रुसलेल्या मंडळींचे विचारतो.

शिवाय, 'ते' कोण? गेल्या हिवाळ्याआधीचे दिवस आठवा. १ ऑक्टोबर २०२५ ला केंद्र सरकारचं कामकाज बंद पडलं, १ नोव्हेंबरला स्नॅपचे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना किराण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे (पूर्वीच्या फूड स्टॅम्पचे) पैसे अडकले. देशात सुमारे ४ कोटी २० लाख लोक त्यावर अवलंबून. कोर्टकचेऱ्या झाल्या, कुठे अर्धे मिळाले, कुठे उशिरा. १२ नोव्हेंबरला तो तिढा सुटेपर्यंत आमची रांग पार्किंग लॉटला वळसा घालून रस्त्यावर आली होती. त्यात बिनपगारी राबणारे सरकारी नोकर होते, गळ्यातलं ओळखपत्र खिशात घातलेले. आदल्या वर्षी पँट्रीला टर्की देऊन गेलेलं एक जोडपंही होतं.

आणि आपले लोक होते. आहेत. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की साठ दिवस मिळतात; त्या साठ दिवसांत भाडं, शाळा, वकील आणि भारतात कळू न देणं हे सगळं सांभाळायचं असतं. मास्टर्सला आलेली मुलं आहेत; रटगर्ससारख्या विद्यापीठांनी विद्यार्थ्यांसाठी कँपसवरच पँट्री काढल्या त्या हौसेनं नाहीत. मुलानं ग्रीन कार्डावर बोलावून घेतलेले आईवडील आहेत. कायद्यानं त्यांना पहिली पाच वर्षं सहसा स्नॅप मिळत नाही, आणि मुलाशी बिनसलं तर त्या पाच वर्षांत त्यांच्याकडे स्वतःचं काहीच नसतं. 'आपल्यात असं नसतं' हे वाक्य मी मंडळाच्या व्यासपीठावरूनही ऐकलंय.

एका गुरुवारी रांगेत एक आजी होत्या. साडीवर पुरुषी जाकीट, पायात दोन मापं मोठे बूट, खांद्याला भारतातली कापडी पिशवी. माझं मंगळसूत्र दिसलं असेल, जवळ आल्या. "मराठी का गं तू?" हो म्हटलं. मला वाटलं, गाव विचारतील, सासर विचारतील. त्यांनी विचारलं, "मंडळात जातेस?" मी सांगितलं की तुमचं नाव इथून कुठेही जात नाही. त्यांनी मान हलवली. कांदे घेतले, बटाटे घेतले, मसुराची एक पिशवी घेतली, हातात आलेला ट्यूनाचा डबा वास यावा तसा दोन बोटांनी परत ठेवला. जाताना म्हणाल्या, "तूर नसतेच ना इथे?" नव्हती. पुढच्या आठवड्यापासून त्या शनिवारच्या वेळेला येऊ लागल्या. मी शनिवारी नसते.

विश्वस्त मंडळी, काँक्रीटचा कळस आणि मकराण्याचा संगमरवर यांवर आपल्या बैठका रात्री अकरापर्यंत चालतात. कधी एखाद्या बैठकीत याचा विचार करा की आपल्यापासून लपण्यासाठी एक म्हातारी बाई वार बदलते.

आता दामाजीपंत. आपल्या मुलांच्या मराठी शाळेत ही गोष्ट असते, स्नेहसंमेलनात तिच्यावर नाटुकलं बसतं. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, बिदरच्या बादशहाचं कोठार दामाजीपंतांच्या ताब्यात होतं, त्यांनी ते लोकांना खुलं केलं. चुगली झाली, पंतांना धरून न्यायला शिपाई आले. तेवढ्यात विठू महार नावाचा कुणी एक दरबारात पोचला, धान्याचे सगळे पैसे मोजून दिले, पावती घेतली आणि ती पंतांच्या पोथीत ठेवून गेला. देव भक्ताच्या हाकेला धावतो, म्हणून आपण ती सांगतो.

पँट्रीत उभी राहायला लागल्यापासून मला त्या गोष्टीतला हिशोब दिसायला लागला. कोठार पंतांचं नव्हतं. पंतांनी पदरचं काही दिलं नाही, दुसऱ्याचं दिलं. आणि बादशहाचं तरी ते कुठलं? शेतसाऱ्यात आलेलं, म्हणजे ज्यांनी पिकवलं तेच दाराशी उपाशी उभे. पंतांनी फक्त कुलूप काढलं. जे पैसे देव भरून गेला त्याची पावती पंतांच्या नावावर. आणि देव आला कुठल्या रूपात? मंगळवेढ्यातच चोखोबांना राहायची जागा गावकुसाबाहेर होती. ज्याला दरबारच्या पायरीवर कुणी उभं केलं नसतं त्याच्या रूपात देव आला. देणारा तोच, आणि त्याचंच नाव कुठे नाही.

आमच्या फळीवरचा माल बघा. दुधाचं खोकं सरकारी, म्हणजे तुमच्या-माझ्या आणि त्या रांगेतल्या माणसाच्याही करातून आलेलं. पाव सुपरमार्केटचा, त्यांना करात सवलत मिळते. टोमॅटो कॅलिफोर्नियातल्या कुठल्या शेतात कुणी तोडला असेल, त्याच्या घरी पुरेसं जेवण आहे का कुणास ठाऊक. त्यात मंडळाचे पाच-पाच कॅन. यातला दाता कोण म्हणायचा? मी तर नाहीच. मी कोठावळी. हे एकदा मनात बसलं की पाठ थोपटून घ्यायची इच्छा आपोआप कमी होते. आपल्याला पुण्य लागतंय का ही चौकशी मी सोडून दिली, आणि देवावरचा माझा विश्वास त्यानं कमी न होता वाढला, हे मलाही नवल वाटतं.

तैत्तिरीय उपनिषदातली शिक्षावल्ली आपल्या देवळांत पुष्कळदा म्हटली जाते. तिच्यात दान कसं द्यावं ते क्रमानं सांगितलंय. श्रद्धेनं द्यावं, ऐपतीप्रमाणे द्यावं, आणि मग 'ह्रिया देयम्': लाजून द्यावं. लाज घेणाऱ्यानं नाही, देणाऱ्यानं बाळगायची. गुरुजी ते खणखणीत आवाजात म्हणतात आणि बाहेर आपण देणगीदारांच्या नावांच्या विटा लावतो.

माझं आजोळ फलटणच्या बाजूचं. माउलींची पालखी जवळून जायची तेव्हा घराघरांतून भाकऱ्यांच्या टोपल्या आणि पिठल्याची पातेली रस्त्याच्या कडेला यायची. माझी आजी भाकरी हातावर ठेवायची आणि घेणाऱ्याच्या पाया पडायची. तो कोण, कुठला, घरी किती एकर, काही विचारायची नाही. तो जेवला म्हणून तीच आभारी. त्याच आजीची आम्ही नातवंडं इथं येऊन पिशवी हातात देताना कॅमेऱ्याकडे बघतो! गेल्या वर्षी एका संस्थेची (नाव घेत नाही, आणि कृपा करून तर्क लढवत बसू नका) एकसारखे टी-शर्ट घातलेली मंडळी आमच्याकडे आली. उत्साही, हसतमुख, कामालाही वाघ. पण रांगेतल्या एका बाईच्या खांद्यावर हात ठेवून त्यांच्यातल्या एकानं फोटो काढला. ती हसली. फोटोला हसतात तशी. तिच्या मुलाचा वर्गमित्र त्या टी-शर्टवाल्यांत होता. मुलगा गाडीतून उतरलाच नाही.

म्हणून पहिली विनंती ही: अन्न घेणाऱ्या माणसाचा फोटो नको. चेहरा धूसर करून नको, पाठमोरा नको, परवानगी घेऊन तर मुळीच नको, कारण पिशवी तुमच्या हातात असताना तो नाही कसं म्हणणार? बॅनर हवाच असेल तर तो तुमच्या सभागृहात लावा.

आता सामानाचं. हे कुणी सांगत नाही आणि मग चांगल्या मनानं आणलेलं वाया जातं, तेव्हा जरा विस्तारानं लिहिते.

घरचं कपाट आवरलं की निघणारे डबे आणू नका. 'बेस्ट बाय' तारीख उलटली म्हणजे डबा खराब झाला असं नव्हे. केंद्राच्या कायद्यानं तारीख सक्तीची आहे ती फक्त बाळाच्या फॉर्म्युल्याला. पण कडेच्या शिवणीवर पोचा आलेला, फुगलेला, लेबल निघालेला डबा आम्हाला फेकावाच लागतो. तांदळाचं वीस पौंडांचं पोतं आणू नका. ते फोडून छोट्या पिशव्या भरायच्या तर परवानग्या लागतात, प्रत्येक पिशवीवर घटकांचं लेबल लागतं. आमच्यासारख्या तळघरातल्या पँट्रीला ते झेपत नाही. एक-दोन पौंडांची बंद पाकिटं आणा. तूर, मूग, मसूर, चवळी, छोले. मसूर तर सगळेच नेतात, मेक्सिकन, सीरियन, हैतीचे, आपले. डाळ-तांदूळ ही एक गोष्ट अशी आहे जी आपण डोळे झाकून चांगली निवडू शकतो, आणि नेमकी तीच सोडून आपण स्वीट कॉर्न आणतो. शाकाहारी माणसाला पँट्रीत काय अडचण येते हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? बीन्सच्या डब्यात डुकराची चरबी, भाज्यांच्या सूपमध्ये कोंबडीचा रस्सा, गोळ्यांत जिलेटिन. एक फळी पूर्ण शाकाहारी राहील एवढी जबाबदारी एखाद्या देवळानं उचलली तर जैन, हिंदू आणि हलाल पाळणारे मुसलमान सगळ्यांचीच सोय होते.

सगळ्यांकडे चूल नसते. मोटेलच्या खोलीत राहणाऱ्याकडे फक्त मायक्रोवेव्ह असतो, गाडीत झोपणाऱ्याकडे तोही नाही. झाकण ओढून उघडता येणारे डबे, पीनट बटर, ओट्सची पाकिटं त्यांच्यासाठी. साबण, डायपर, सॅनिटरी पॅड, टूथपेस्ट स्नॅपच्या पैशातून घेताच येत नाही, त्यामुळे ती फळी कायम रिकामी. महाप्रसादाचा उरलेला शिरा आणि मसालेभात मात्र आणू नका. घरी शिजवलेलं आम्हाला घेता येत नाही, मला कितीही वाटलं तरी. तुमच्यातल्या रेस्टॉरंटवाल्यांना आणि दुकानदारांना भीती असते की दिलेल्या मालातून कुणी आजारी पडलं तर खटला होईल. १९९६ चा एक कायदाच आहे, सद्भावनेनं अन्न देणाऱ्याला संरक्षण देणारा. बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याच्या नावानं तो ओळखला जातो. वकिलाला विचारून खात्री करून घ्या आणि शिल्लक बंद पाकिटं फूड बँकेकडे पाठवा.

आणि पैसे द्या. फूड बँक घाऊक भावानं घेते, आपण किरकोळ भावानं घेऊन पेट्रोल जाळून पोचवतो. पैशाचा फोटो चांगला येत नाही, ही खरी अडचण आहे.

दुसरी विनंती वेळेबद्दल. नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे इतकं येतं की ठेवायला जागा नसते. फेब्रुवारीत हीटिंगची बिलं येतात आणि फळ्या रिकाम्या असतात. जूनमध्ये शाळा सुटतात, मुलांचं शाळेतलं जेवण बंद होतं, आपण सगळे तिकिटं काढून भारतात गेलेलो असतो. भूक काही दिवाळीचा मुहूर्त बघून येत नाही. वार्षिक अंदाजपत्रकात नाटकाच्या दौऱ्याला आणि गायकांच्या मानधनाला ओळ असते तशी एक ओळ पँट्रीसाठी घाला, दरमहा, न गाजवता. नाटक बंद करा असं मी म्हणत नाही. मीही पहिल्या रांगेत येऊन बसते.

काही जणांनी मला सुचवलं की आपण आपली मराठी पँट्री काढू. नको. आपल्या माणसाला आपल्याच माणसांसमोर हात पसरायला लावायची ती जागा होईल. शनिवारी येणाऱ्या आजी तिथं पायही ठेवणार नाहीत. गावात जी पँट्री आहे, चर्चची असो की मशिदीची, तिच्यात जा आणि त्या लोकांच्या हाताखाली काम करा. तिथं तुम्ही अध्यक्ष नसाल, खजिनदार नसाल. खोकी उचलाल. माझ्या मते विश्वस्तपदासाठी ही अट घालायला हरकत नाही, पण घटनादुरुस्तीची भानगड तुम्हालाच ठाऊक.

पुढच्या कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेवर हे पत्र घेतलंत तर बरं होईल. तोवर एक तातडीची गरज सांगून ठेवते. गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला फूड बँकेचा ट्रक येतो आणि तळघराच्या जिन्यावरून माल खाली न्यायला हात कमी पडतात. आम्ही बहुतेक जण साठीच्या अलीकडे-पलीकडे. तुमच्या ढोलपथकातली मुलं पाठवा. पथकाचा टी-शर्ट नको, साधे कपडे, आणि बूट घट्ट बांधलेले.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद